फळा, फॉरवर्ड आणि समीक्षेची हळहळ

चाळ गेली, गॅलरी गेली आणि त्यांच्याबरोबर मराठी माणसाचे वाचन, संभाषण आणि शेजारही गेला. हा घात मोबाइलने केला, असे विधान अलीकडच्या मराठी समीक्षेत इतक्या एकमुखाने केले जाते की त्याला पुरावा लागतो याचेच विस्मरण झाले आहे. परिसंवादातील बीजभाषण असो, गौरवग्रंथातील लेख असो किंवा साठोत्तरी साहित्याचा आढावा असो, शेवटच्या दोन परिच्छेदांत ही हळहळ ठरलेली असते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या नावांचा उच्चार झाला की समीक्षकाचा स्वर बदलतो आणि विश्लेषणाची जागा श्राद्धविधी घेतो. दुसऱ्या बाजूला अभ्यासकांचा एक तरुण वर्ग उलट दिशेने धावताना दिसतो. त्याला व्हॉट्सॲपवरील मजकुरात नवी मौखिकता, लेखकाचा मृत्यू आणि अभिव्यक्तीचे लोकशाहीकरण ही तिन्ही फळे एकाच झाडाला लागलेली आढळतात. हे दोन पक्ष परस्परविरोधी भासले तरी एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे. ज्या मजकुराविषयी ते बोलतात तो मजकूर संहिता म्हणून वाचण्याचे कष्ट दोघांपैकी कोणीही घेतलेले नाहीत.

प्रथम स्मरणवाद्यांचा कालक्रम तपासणे इष्ट. गिरगावातील मध्यमवर्गीय कुटुंबे डोंबिवली, मुलुंड, बोरिवलीकडे सरकू लागली ती मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी. खोली अपुरी पडली, मुलांची लग्ने ठरली, गोठलेल्या भाड्यामुळे घरमालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले, ही त्याची साधी कारणे होत. गिरणगाव मोडले ते १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या आणि रीतसर कधीच मागे न घेतल्या गेलेल्या संपात. सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपानंतर विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ वा नियम १९९१ साली आला, २००१ साली तो बदलला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. गिरण्यांच्या जमिनींचे भवितव्य या कागदांनी ठरवले. भारतात मोबाइल सेवा सुरू झाली १९९५ मध्ये. व्हॉट्सॲपचा जन्म २००९ चा. आणि सर्वसामान्यांच्या हाती स्वस्त इंटरनेट आले ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरल्यानंतर. भोंगा थांबल्यावर तीन दशकांनी जे यंत्र खोलीत आले त्याने भोंगा थांबवला असे म्हणणे म्हणजे तेराव्याला आलेल्या पाहुण्याला मारेकरी ठरवणे होय. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या १९९७ च्या नाटकात गिरणी कामगाराचे घर डोळ्यांदेखत फुटते. ते फोडायला तेथे कोणाच्या हातात मोबाइल नाही. समीक्षेने या नाटकाचा गौरव केला, पण त्याने दिलेली साक्ष मात्र नोंदवून घेतली नाही.

स्मरणवाद्यांची दुसरी चूक अधिक मूलगामी आहे. चाळ ही निसर्गनिर्मित वस्ती आणि मोबाइल हे उपरे तंत्रज्ञान, अशी त्यांची विभागणी आहे. वस्तुतः चाळ हीच एक काटेकोर तंत्ररचना होती. मुंबई डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ इमारती उभारल्या. प्रत्येक इमारतीत तळमजल्यासह चार मजले, मजल्याला वीस खोल्या, खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट आणि संडास सामाईक. कोणी कोणाला केव्हा पाहायचे, कोणाचे बोलणे कोणाच्या कानावर पडायचे, पाण्याच्या वेळेला कोणी कोणाच्या मागे उभे राहायचे, याची वाटणी या आराखड्यानेच करून ठेवली होती. पुढे त्या आराखड्यात यंत्रे येऊन बसली. रेडिओवरील ‘कामगार सभा’ चार खोल्यांनी मिळून ऐकावी. दूरध्वनी वाण्याच्या दुकानात असावा आणि त्याचा क्रमांक लग्नाच्या कार्डावर ‘पी. पी.’ म्हणून छापला जावा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर मजल्यावरच्या एका घरी रविवारच्या चित्रपटाला तीस माणसे जमावीत. या जमण्यात जिव्हाळा होता हे कोणी नाकारणार नाही. परंतु कोण पलंगावर बसले, कोण जमिनीवर, कोण उंबऱ्याबाहेरून खिडकीतून पाहत राहिले, ही आसनव्यवस्था म्हणजे त्या मजल्याची सामाजिक संहिताच होती. स्मृतिलेखांत पलंगावर बसलेलेच बोलतात, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

उंबऱ्याबाहेरच्यांनाही स्मृती आहेत. त्यांत १० जानेवारी १९७४ ही तारीख आहे. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील दंगलीनंतर निघालेल्या दलित मोर्चावर परळ भागात इमारतीवरून दगड टाकण्यात आला आणि भागवत जाधव हा तरुण मारला गेला. शेजारभावाचे प्रतीक म्हणून ज्या वास्तुरचनेची पूजा बांधली जाते तिच्या उंचीचा हाही एक उपयोग होता. तांत्रिक संपर्क नसलेल्या काळात मने निर्मळ होती, हे गृहीतक तर दादरनेच खोटे पाडले आहे. १९६० साली सुरू झालेल्या ‘मार्मिक’ने ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या होत्या. त्यांना टेलिफोन डिरेक्टरी आणि छापखाना एवढी सामग्री पुरेशी झाली.

या परंपरेचा आद्यग्रंथ म्हणून ‘बटाट्याची चाळ’ पुढे केली जाते. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचा स्मरणवाद्यांनी जो वापर चालवला आहे तो वाचनशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांच्या लेखी पुस्तक शेवटच्या ‘एक चिंतन’ या प्रकरणापासूनच सुरू होते. त्याआधीच्या ‘सांस्कृतिक चळवळ’, ‘निष्काम साहित्यसेवा’ या प्रकरणांत चाळीच्या वाङ्मयीन आणि सांस्कृतिक उत्साहाचा जो फज्जा उडवला आहे तो गाळल्याशिवाय हळहळीला जागा सापडत नाही. ज्या संस्कृतीसाठी आज अश्रू ढाळले जातात तिचेच विडंबन पु. ल. देशपांडे यांनी ती जिवंत असताना केले होते. उपरोध वजा करून उरलेल्या भावनेला लेखकाचे नाव देणे, ही क्रिया पुढे पुन्हा भेटणार आहे.

वाचनाचा मुद्दा उरतो. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे, गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ चा, ‘मौज’ खटाववाडीतली, ‘ग्रंथाली’ची चळवळ १९७४ ची; ही परंपरा खरी आणि मोठी आहे. मात्र ती चाळीने घडवली की चाळीतून थोडा वेळ सुटका देणाऱ्या जागांनी घडवली, हा प्रश्न विचारला गेलेला नाही. वाचनालयाचे वैशिष्ट्य तेथील पुस्तकांइतकेच तेथील शांततेत होते, आणि शांतता खोलीत मिळत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीत दोन दशके राहिले, तेथे रात्री जागून अभ्यास केला, आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधताना त्यांनी ग्रंथांसाठी जागा आधी योजली. चाळीतील सर्वांत मोठ्या वाचकाने चाळीविषयी दिलेला हा अभिप्राय विटांमध्ये लिहिलेला असल्यामुळे कदाचित समीक्षकांच्या नजरेतून सुटला असावा.

गिरणगावातील सामाजिकता समोरासमोरचीच होती, हेही अर्धेच खरे आहे. लालबाग-परळातील कामगार पाळीनुसार आळीपाळीने पथारी टाकून ज्या गाळ्यांत झोपत, त्या कित्येक गाळ्यांची ओळख कोकणातील एखाद्या गावाच्या नावाने होती. गावाच्या मंडळाची खोली, तिच्यातली भिशी, मनिऑर्डर, पोस्टाबाहेर बसणाऱ्या लेखनिकाकडून लिहून घेतलेले पत्र आणि ते गावी ज्याने वाचून दाखवायचे तो शाळामास्तर, अशी ही दूरस्थ समाजाची पूर्ण यंत्रणा होती. पत्नीचे मन पतीपर्यंत पोहोचत असे ते दोन परक्या पुरुषांच्या अक्षरांतून आणि आवाजांतून. त्याच तळकोकणातील स्त्री आज नातवाच्या मोबाइलवर स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या बोलीत निरोप मुद्रित करून लालबागला पाठवते. स्त्रीच्या अभिव्यक्तीच्या इतिहासात ही घटना किती मोठी आहे, याची मराठी स्त्रीवादी समीक्षेने अद्याप पुरेशी दखल घेतलेली नाही. ती व्याकरणातील चुका मोजणाऱ्यांकडून घेतली जाण्याची आशा व्यर्थच.

आता उत्सववाद्यांकडे वळता येईल. त्यांचा आधार भारदस्त आहे. वॉल्टर ऑंग यांची १९८२ ची दुय्यम मौखिकतेची मांडणी, रोलाँ बार्थ यांचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा निबंध, मिशेल फूको यांचे १९६९ चे ‘लेखक म्हणजे काय?’ हे व्याख्यान, आणि या सर्वांवर देशी मोहोर म्हणून ‘तुका म्हणे’ची नाममुद्रा. संतकाव्यात कोणीही रचावे आणि नामदेव-तुकोबांच्या नावे सोडावे असे घडतच होते. तेव्हा आज कोणी अनामिक चार ओळी लिहून त्यांखाली कुसुमाग्रज, पु. ल. किंवा व. पु. काळे अशी नावे घालतो तो त्याच परंपरेचा वारस होय, असा हा युक्तिवाद आहे. ऐकायला तो सुखद वाटतो, परंतु परंपरेच्या तपशिलापुढे तो टिकत नाही.

नाममुद्रेच्या परंपरेत मजकूर मोकाट सुटलेला नव्हता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात स्वतःची ओवी घालू पाहणाऱ्याला कडक समज दिली. हे काम विद्यापीठाच्या मराठी विभागाने सोपवलेले नव्हते. भक्तिपरंपरेच्या आतूनच पाठाची चिंता वाहिली गेली. फडावरचे ज्येष्ठ वारकरी ‘हा अभंग गाथेत नाही’ म्हणून गाणाऱ्याला थांबवू शकत. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचनांची सरमिसळ उकलण्यात विसाव्या शतकातील संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. म्हणजे ज्या परंपरेचा दाखला अनिर्बंधतेच्या समर्थनार्थ दिला जातो ती परंपरा क्षेपकांशी सतत झगडत होती. शिवाय तुकोबांच्या नावे अभंग रचणारा स्वतःला त्या नावात विसर्जित करी. त्यात शरणागतीचा भाव होता. फॉरवर्डच्या तळाशी घातलेले नाव हे सोन्याच्या दागिन्यावरील हॉलमार्कसारखे असते. मजकूर उघडण्यापूर्वीच त्याची शुद्धता गृहीत धरली जावी, एवढ्यासाठीच ते तेथे असते. फूको यांनी सांगितलेले लेखक-कार्य येथे नष्ट झालेले नाही. लेखकाच्या लेखनापासून सुटे होऊन ते कोणाच्याही उपयोगी पडू लागले आहे.

ही उसनी नावे कोणाची असतात, हेही पाहावे. सोसायटीच्या, शाळासोबत्यांच्या, ज्येष्ठ नागरिकांच्या गटांत फिरणारा कौटुंबिक शहाणपणाचा मजकूर पु. ल. आणि व. पु. यांच्या खात्यावर जमा होतो. परळमध्येच वाढलेल्या नारायण सुर्व्यांच्या किंवा गिरणगावाच्या मैदानांवर छक्कड गाणाऱ्या अण्णाभाऊ साठ्यांच्या नावे तो क्वचितच खपवला जातो. त्यांचे चाहते कमी आहेत असे नव्हे. त्यांच्या नावाला चिकटलेला वर्ग-जातीचा संदर्भ त्या मजकुराच्या सौम्य सर्वमान्यतेला परवडत नाही. म्हणजे खोट्या श्रेयनामांतूनही अभिरुचीची उतरंड नेमकी वाचता येते. त्यातही पु. लं.च्या नावावर फिरणाऱ्या मजकुरात जर काही हमखास नसेल तर तो पु. लं.चा उपरोध. ‘बटाट्याची चाळ’ अर्धी वाचणाऱ्या विद्वानांनी जे केले तेच गट चालवणारे निवृत्त लिपिक करीत आहेत. फरक इतकाच की लिपिकाला त्याबद्दल मानधन मिळत नाही.

फॉरवर्डच्या अखेरीस येणारे ‘आवडल्यास पुढे पाठवा’ हे वाक्यही विचारात घेण्यासारखे आहे. त्याचे कूळ स्तोत्रांच्या फलश्रुतीत आहे आणि अलीकडचा पूर्वज देवाच्या नावाने इतकी पत्रे पाठवा, न पाठवल्यास हानी होईल असे बजावणाऱ्या साखळी-पोस्टकार्डांत. मात्र फलश्रुतीने पठणाचे फळ सांगितले. येथे वाचनाचे फळ काहीच नाही, फळ आहे ते रवानगीचे. मजकूर पोटात जिरण्याआधीच हातावेगळा होतो. त्याच्या जोडीला नोव्हेंबर २०१४ पासून दोन निळ्या खुणा आल्या. वाचनाच्या इतिहासात वाचकाने वाचले की नाही हे लेखकाला कळत नसे आणि वाचकाचे स्वातंत्र्य बऱ्याच अंशी या अज्ञानावर उभे होते. वाचक-प्रतिसादाच्या सिद्धान्ताने ज्या वाचकाची कल्पना केली तो अदृश्य होता. निळ्या खुणांनी त्याला दृश्य आणि उत्तरदायी केले. ‘वाचलेस, मग उत्तर का नाही?’ हा प्रश्न आता नात्यांत भांडण लावतो. खुणा बंद ठेवता येतात हे खरे, पण बंद ठेवणाऱ्याकडे दार लावून घेणाऱ्या बिऱ्हाडासारखे पाहिले जाते. नळावरच्या नजरेला कंटाळून ब्लॉकमध्ये गेलेल्या कुटुंबाने ती नजर स्वखुशीने खिशात बाळगली आहे. गॅलरी गेली म्हणून रडणाऱ्यांनी आधी ती खरोखर गेली आहे काय हे पाहायला हवे होते.

मजकुराला संहिता म्हणून न वाचण्याची किंमत काय असते, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे कळले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे या व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या अफवेवर विसंबून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. डवर वाजवीत, देवाचे नाव घेत गावोगाव फिरून भिक्षा मागणारा हा समाज आहे; लोकसाहित्याचे अभ्यासक ज्यांना मौखिक परंपरेचे वाहक म्हणतात त्यांपैकी एक. ‘नव्या मौखिकते’ने जुन्या मौखिकतेच्या वाहकांना दगडाकाठ्यांनी ठेचले, ही घटना उत्सववाद्यांच्या एकाही सिद्धान्तात बसत नाही. त्या वर्षी मुले पळवण्याच्या अफवांबरोबर देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील एका जनजागृतीपर जाहिरातीचा तुकडा होती. जाहिरातीत मोटारसायकलवरून उचलून नेलेले मूल शेवटी परत आणून सोडले जाते आणि पालकांनी सावध राहावे असा फलक दाखवला जातो. फिरवताना हा शेवट कापण्यात आला. हस्तलिखितशास्त्रात याला पाठलोप म्हणतात. पदव्युत्तर वर्गात तो शिकवला जातो, परीक्षेत त्यावर टीप विचारली जाते. राईनपाड्यानंतर त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूण छापायला सुरुवात केली. पाठचिकित्सेची जी पहिली टीप या वाङ्मयाला मिळाली ती एका अमेरिकी कंपनीने लिहिली. मराठीचे विभाग त्या वेळी ‘मोबाइल : शाप की वरदान’ या विषयावर निबंध स्पर्धा घेत होते असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नव्हे.

खऱ्या मौखिकतेचा एक दाखला याच परिसरातला आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचा ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हा गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बोलणाऱ्याला नाव आहे, वस्ती आहे, खाते आहे, बाजू आहे. त्यामुळे एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या म्हणण्याने खोडता येते. ज्याला खोडता येत नाही ते सांगणे मौखिक परंपरेत किंवदंती ठरते, आणि फॉरवर्डचे स्वरूप बहुतांशी किंवदंतीचे आहे.

फॉरवर्डचा खरा पूर्वज शोधायचाच तर तो अभंगात नसून नाक्यावरच्या फळ्यात सापडतो. गिरगावच्या वाड्यांच्या तोंडाशी, लालबागच्या मंडळांच्या कचेरीबाहेर, दादरच्या शाखांजवळ काळा फळा असे आणि आहे. त्यावर रोज सकाळी सुविचार, कोणाचे निधन, कोणाच्या मुलीला दहावीत किती टक्के, पाणी केव्हा जाणार, कोणत्या पुढाऱ्याचा निषेध, असा मजकूर रंगीत खडूने लिहिला जाई. सुविचाराखाली तेव्हाही भलतीच नावे पडत. विवेकानंदांच्या नावावर कितीतरी वाक्ये फळ्यांनीच चढवली असतील. फळ्यावर सही नसे, पण अक्षर असे, आणि ते कोणाचे हे साऱ्या वाडीला ठाऊक असे. मजकूर खोटा निघाला तर संध्याकाळी कट्ट्यावर गाठायचा माणूस निश्चित होता. फळा एका जागी राही. ज्याला वाचायचे त्याला तेथे यावे लागे. आणि दुसऱ्या सकाळी ओल्या फडक्याने तो पुसला जाई. अक्षर, जागा आणि पुसणे या तीन मर्यादांनी ते अनाम लेखन उत्तरदायी ठेवले होते. फॉरवर्डने या तिन्ही मर्यादा काढून टाकल्या आहेत. समीक्षेने लक्ष द्यायचे ते या बदलाकडे. गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीकडे नंतर पाहता येईल.

आणि ज्यांच्या नावाने ही हळहळ चालते ते लोक काय करीत आहेत? पाडलेल्या चाळींचे रहिवासी आज विरार, नालासोपारा, बदलापूर, क्वचित न्यू जर्सीतही विखुरले आहेत. त्यांच्या गटाला बहुधा जुन्या चाळीचेच नाव असते. चाळ नसते, सभासद असतात. सदस्यसंख्येची मर्यादा २०१६ साली २५६ होती, २०२२ मध्ये ती १०२४ झाली, बी. डी. डी.च्या दहा-बारा इमारतींच्या खोल्या एका गटात मावाव्यात एवढी ती आहे. या गटांत सकाळी फुलांची चित्रे येतात, खोट्या नावांच्या कविता येतात, अफवाही येतात. पण गणपतीच्या दिवसांत दुसरेही काही घडते. मंडळाचा एखादा जुना कार्यकर्ता अजूनही नाक्यावर फळा लिहितो आणि कोणीतरी त्याचे छायाचित्र गटात टाकतो. मजकुराबद्दल फारसे कोणी बोलत नाही. नालासोपाऱ्याहून एखादी बाई विचारते की हे अक्षर जुन्या कार्यकर्त्याचे की त्याच्या मुलाचे, बदलापूरहून उत्तर येते की ‘श’ची गाठ पाहा, बापाचीच आहे, मग ‘श’ मोठा करून पाहण्यात आणि जुन्या आमंत्रणपत्रिकांची छायाचित्रे शोधून काढून ताडून पाहण्यात त्या गटाची रात्र जाते.